ठिपका थांबला की फोन वाजतो

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनला बंद होते, ती थेट १ ऑगस्टला सुरू होते. या दोन महिन्यांत बोटी ताडपत्रीखाली, इंजिनं खोललेली, जाळ्यांची डागडुजी चाललेली. आणि बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका अरुंद गाळ्यात मात्र वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी. वडील, दोन मुलगे आणि थोरली सून, एवढ्यांचं हे दुकान. वडील मूळचे वायरलेस सेट दुरुस्त करणारे. आता बोटींना जीपीएस, फिश फाइंडर, ट्रॅकर बसवणं आणि समुद्रात गेलेल्या बोटीवर पडद्यावरून लक्ष ठेवणं हा घरचा धंदा झाला आहे.

जीपीएस लावलं म्हणजे बोट कुठं आहे ते किनाऱ्यावर कळतं, असं पुष्कळ मालकांनाही वाटतं. तसं नाही. जीपीएसचा सेट फक्त ऐकतो. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांचे संदेश पकडून तो बोटीची जागा काढतो आणि तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखाला, दाखवतो, एवढंच. ती जागा किनाऱ्यावर पोचवायला दुसरी वाट लागते. जवळच्या पाण्यात मोबाइलचं सिमकार्ड चालतं, त्यापुढे एआयएस, म्हणजे व्हीएचएफ रेडिओवरून बोटीची जागा आपोआप कळवणारं यंत्र, आणि त्याही पलीकडे उपग्रह. म्हणून गिऱ्हाईक आलं की वडील पहिला प्रश्न विचारतात, "किती वाव पाण्यात जाता?" वाव म्हणजे पाण्याच्या खोलीचं माप. यंत्र कुठलं घ्यायचं ते त्या उत्तरावर ठरतं.

बसवण्याचं काम धाकट्याकडे. मी त्याच्याबरोबर एका ट्रॉलरच्या केबिनच्या टपावर चढलो, तेव्हा नव्या यंत्राचा खोका त्याने बाजूलाच ठेवला आणि आधी जुन्या अँटेनाचा प्लग उघडला. आतली तांब्याची जाळी हिरवी पडली होती. खारं पाणी वायरीच्या आवरणाखालून आतल्या आत सरकत जातं. वरून वायर धडधाकट दिसते आणि ऐन वेळी सेट बंद पडतो. चकचकीत तांबं लागेपर्यंत त्याने वायर मागे कापत नेली, नवा प्लग डाखला आणि रबराची टेप खालून वर गुंडाळली. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदरात पाणी अडतं. खालून वर गेलं की कौलांवरून उतरावं तसं ते निथळून जातं. केबिनमध्ये शिरण्याआधी वायरीला त्याने खाली एक वाक दिला, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथंच ठिबकेल.

मग बॅटरी. अनेक बोटींवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. घाईतला कारागीर १२ व्होल्टचं यंत्र त्यातल्या एकाच बॅटरीवर टाकून मोकळा होतो. ती एकटी जास्त उतरत राहते आणि शेवटी जोडीच खराब होते. हा मुलगा मध्ये कन्व्हर्टर घालतो, फ्यूज वेगळा देतो आणि तो कुठं आहे हे खलाशांना हात लावून दाखवतो.

मासेमारी सुरू झाली की भार सुनेवर येतो. ट्रॅकर दर काही मिनिटांनी जागा पाठवतो. नेटवर्क संपलं की पडद्यावरचा ठिपका शेवटच्या जागी थांबतो. पुढच्या जागा यंत्र साठवून ठेवतं आणि बोट परत रेंजमध्ये आली की एकदम पाठवतं. पण घरी मोबाइलवर तो ठिपका बघत बसलेल्या आईला बोटच थांबलेली दिसते, आणि दुकानातला फोन वाजतो. सून आधी वाऱ्याचा अंदाज बघते, मग त्या बोटीच्या मागच्या फेऱ्यांचे मार्ग उघडते. "काकी, तुमची बोट नेहमी इथंच रेंजबाहेर जाते. पहाटेपर्यंत दिसेल." नाहीच दिसली तर वायरलेसवरून आसपासच्या बोटींना विचारायचं, आणि तरी पत्ता लागला नाही तर तटरक्षक दलाचा १५५४ नंबर लावायचा.

जागा कळवण्याबाबत सून तांडेलांकडून एक गोष्ट घोटून घेते. १७ अंश ३० मिनिटं आणि १७.३० अंश हे एक नव्हे. १७.३० अंश म्हणजे १७ अंश १८ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा चूक बारा मैलांची, जवळजवळ २२ किलोमीटरची. गुहागरसमोर अडकलेल्या बोटीचा शोध जयगडसमोर चालेल.

पण या घराबद्दल मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. खडप कुठं आहे, जाळं कुठं फाटतं, सुरमई कुठं लागते, असे वर्षानुवर्षं जमवलेले पॉइंट तांडेलाच्या सेटमध्ये असतात. ती त्याची कमाई आहे. दुकानाला बंदरातल्या कितीतरी बोटींचे मार्ग दिसतात, आणि एकाची जागा दुसऱ्याला कधीच सांगितली जात नाही. मालकाला डिझेलचा हिशेब लागतो म्हणून ट्रॅकर हवा असतो. तो बसवताना तांडेल समोर लागतो आणि मालकाला काय काय दिसणार ते त्याला आधी सांगितलं जातं. दूरच्या शहरातल्या कॉल सेंटरला हे जमणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

२००८ साली मुंबईवरच्या हल्ल्यासाठी अतिरेक्यांनी 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली. त्यानंतर बोटींवर नजर ठेवण्याची गरज सरकारला पटली. २००९ च्या नोव्हेंबरातल्या फयान वादळाने ती कोकणातल्या घराघरांना पटवली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला देशभरातल्या एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्राचे ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. यंत्र मोफत, नेटवर्क नसलेल्या पाण्यातही दोन्ही बाजूंनी संदेश देणारं. योजना फार मोलाची आहे. पण तेही यंत्र त्याच खाऱ्या वाऱ्यात राहणार आणि बोटीच्याच बॅटरीवर चालणार.

तेव्हा बोटमालकांना एवढंच सांगणं आहे. बोट पाण्यात ढकलण्याआधी अँटेनाचा प्लग एकदा उघडून घ्या, आणि संकटाचं बटण कुठलं ते फक्त तांडेलालाच नव्हे, नेपाळहून पहिल्यांदाच बोटीवर आलेल्या खलाशालाही दाखवा.