जाताना खड्डा बुजवावा

लालबाग-परळच्या रस्त्यांवर गणेशोत्सवाचे मंडप उभारताना बांबूंसाठी खड्डे खणले जातात. विसर्जनानंतर ते बुजवून रस्ता पूर्ववत करायचा, ही महापालिकेची अट. २०२५ मध्ये यासाठी खड्ड्यामागे १५ हजार रुपये दंड जाहीर झाला. मंडळांच्या विरोधानंतर तो २ हजारांवर आला. वाद दंडाच्या रकमेचा होता; खड्डा बुजवायला हवा, हे सर्वांनाच मान्य होते.

लॅपटॉपमधल्या ड्रायव्हरलाही हाच नियम लावायला हवा. पंखा, पडद्याचा उजेड, विशेष कळा यांना हुकूम देणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. लिनक्समध्ये तो यंत्र चालू असतानाच काढता येतो. मग त्याने बदललेल्या सेटिंगचे काय?

समजा, त्याने पंखा स्वयंचलित पद्धतीतून काढून स्वतःच्या ताब्यात घेतला, मंद केला आणि तसाच निघून गेला. आता तापमान वाढले तरी पंख्याचा वेग वाढवणारे कोणी उरत नाही. प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी मंदावतो. तेवढ्याने भागले नाही तर यंत्र बंद पडते आणि सेव्ह न केलेले लिखाण जाते.

ड्रायव्हरने मागून घेतलेली मेमरी वगैरे उलट्या क्रमाने आपोआप परत करण्याची सोय लिनक्समध्ये आहे. मंडप उतरवताना आधी कापड, मग बांबू, तसेच हे. पण पंख्याची सेटिंग त्या हिशेबात येत नाही. ती परत करण्याची पायरी ड्रायव्हर लिहिणाऱ्यालाच घालावी लागते.

‘पूर्ववत’चा अर्थही प्रत्येक ठिकाणी वेगळा. थिंकपॅडचा ड्रायव्हर विशेष कळांची मूळ मांडणी टिपून ठेवतो आणि निघताना तीच बसवतो. पंख्याला मात्र जुना आकडा देऊन चालत नाही. यंत्र थंड असतानाचा वेग ते तापल्यावर पुरत नाही. तिथे ताबा फर्मवेअरकडे सोपवावा. बॅटरीचे चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणे ही वापरणाऱ्याची निवड. तिला हात लावू नये.

आणि निरोप न घेताच कोणी गेले तर? पंखा चालवणारा प्रोग्रॅम मध्येच कोसळू शकतो. थिंकपॅडच्या ड्रायव्हरमध्ये त्यासाठी १ ते १२० सेकंदांची मुदत लावता येते. तेवढ्यात नवा हुकूम आला नाही, तर ड्रायव्हर पंखा सुरक्षित स्थितीत आणतो.

जुना लॅपटॉप हाती आला की मी ड्रायव्हर काढून यंत्राला थोडे काम देतो आणि पंख्याचा आवाज ऐकतो. तो चढला, की खड्डा बुजवला आहे असे समजतो.