नभोवाणीची पहिली कंपनी

(द्वितीय वर्ष, कला)

रेडिओ म्हटला की तो सरकारचा, अशी आपल्याकडच्या जुन्या माणसांची समजूत आहे. ती चुकीची म्हणता येणार नाही, कारण साठ-सत्तर वर्षे तसेच होते. परंतु हिंदुस्थानात नभोवाणीची पहिली नियमित सेवा सुरू केली ती सरकारने नव्हे, एका खाजगी कंपनीने, आणि तीही नफा मिळवण्याच्या उद्देशाने. तिचे नाव इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. १९२७ च्या जुलैमध्ये तिचे मुंबई केंद्र बोलू लागले आणि १९३० च्या मार्चमध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली. म्हणजे तीन वर्षेही पुरी नाहीत! तिची केंद्रे सरकारने ताब्यात घेतली आणि त्यांतूनच पुढे आपली आकाशवाणी उभी राहिली.

इतिहासाच्या ट्यूटोरियलसाठी हा विषय माझ्या वाट्याला आला तेव्हा तो मला परका वाटला होता. वाचत गेलो तसे लक्षात आले की ही कंपनी का बुडाली हे आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. ऊस कमी पडल्यावर कारखान्याचे काय होते हे आपण पाहतच मोठे झालो आहोत.

कंपनीच्या आधीचा काळ हौशी लोकांचा होता. १९२१ च्या ऑगस्टमध्ये टाइम्स ऑफ इंडियाने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईहून गाण्याचा एक कार्यक्रम प्रक्षेपित केला. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या विनंतीवरून तो झाला आणि त्यांनी तो पुण्यात बसून ऐकला. १९२३ मध्ये मुंबईत आणि कलकत्त्यात रेडिओ क्लब निघाले. १९२४ मध्ये मद्रासला निघाला. या क्लबांची यंत्रे लहान होती आणि खर्च सभासदांच्या वर्गणीतून चाले. मद्रासचा क्लब पैशाअभावी १९२७ मध्ये बंद पडला आणि त्याचे प्रक्षेपण यंत्र तिथल्या नगरपालिकेकडे गेले. हौसेवर नभोवाणी चालत नाही, तिला भांडवल लागते, हे तोवर सर्वांना कळून चुकले होते.

भांडवल घेऊन जी मंडळी पुढे आली त्यांच्याशी सरकारने १३ सप्टेंबर १९२६ रोजी करार केला. कंपनीला मुंबई आणि कलकत्ता येथे केंद्रे उभारण्याचा परवाना मिळाला. कंपनीचे अधिकृत भांडवल १५ लाख रुपये होते. प्रत्यक्षात जमा झाले ६ लाख. त्यांतले बरेचसे केंद्रे उभारण्यातच संपले. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले, आणि पाठोपाठ २६ ऑगस्टला बंगालच्या गव्हर्नरांच्या हस्ते कलकत्त्याचे. दोन्ही यंत्रे दीड-दीड किलोवॅटची. कार्यक्रमांची वेळापत्रके छापणारे 'इंडियन रेडिओ टाइम्स' हे नियतकालिकही कंपनीने काढले होते. म्हणजे सुरुवात थाटाची होती.

आता उत्पन्नाचे पाहू. कारण सगळी गोष्ट इथेच आहे. रेडिओ ऐकणाऱ्याने वर्षाला १० रुपयांचा परवाना काढायचा, आणि त्यातले ८ रुपये कंपनीला मिळायचे. शिवाय परदेशांतून येणाऱ्या रेडिओ-सामानाच्या किमतीवर १० टक्के रक्कम कंपनीला मिळायची. दुकानदाराच्या धंद्यात गिऱ्हाईक दारात येते, माल घेते, पैसे देते. नभोवाणीत तसे नाही. माल हवेत सोडून द्यायचा आणि तो कुणी घेतला हे पोस्टातल्या वहीवरून मोजायचे! ज्याने परवाना काढला नाही तोही तेच गाणे तितक्याच स्वच्छ ऐकू शकतो. अशा चोरून ऐकणाऱ्यांना धरण्याजोगा नेमका कायदाही त्या वेळी नव्हता. तो १९३३ साली झाला, कंपनी बुडाल्यावर तीन वर्षांनी.

१९२७ च्या अखेरीस परवाने होते ३,५९४. पुढच्या वर्षअखेरीस ते ६,१५२ झाले. १९२९ च्या शेवटी ७,७७५. हे आकडे साऱ्या देशाचे आहेत, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या साखर कारखान्याची सभासदसंख्या याहून जास्त असते. मी सहज हिशेब मांडून पाहिला. ७,७७५ परवाने, प्रत्येकी ८ रुपये, म्हणजे वर्षाला ६२,२०० रुपये. महिन्याला जेमतेम सव्वापाच हजार. एवढ्यात दोन शहरांतली दोन केंद्रे, यंत्रज्ञ, निवेदक, गायक-वादक, वीज, भाडे! आयात मालावरची टक्केवारी धरली तरी हा संसार चालणारा नव्हता.

परवाने वाढले का नाहीत, याला कारणे आहेत. दीड किलोवॅटच्या यंत्राचा भरवशाचा टप्पा सुमारे ३० मैल. मुंबईहून निघाले की कल्याणच्या आसपास तो संपतो. घाट चढून पुण्याला, आणि तिथून आमच्या नगरला यायचे तर रात्रीच्या वेळी चांगल्या दर्जाचा व्हॉल्व्हचा रेडिओ हवा. तो परदेशी, त्यावर जकात, आणि खेड्यात वीज नसल्याने त्याला बॅटरी. हे कुणाला परवडणार? ऐकणारे वाढवायचे तर मोठी यंत्रे हवीत, मोठ्या यंत्रांना पैसा हवा, आणि पैसा तर ऐकणाऱ्यांकडूनच यायचा. कंपनीने खर्चात काटछाट केली. पण ज्या धंद्यात आवाज हाच माल, तिथे खर्च कापला की माल कमअस्सल होतो.

इथे मला प्रवरानगरचा कारखाना आठवल्याशिवाय राहात नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोणीला सहकारी कारखाना उभा केला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, हे आपण शाळेपासून ऐकतो. तिथे ऊस देणारा तोच भागधारक होता. कारखाना बुडाला तर आपला ऊस शेतात वाळेल ही भीती त्याला होती, म्हणून तो कारखान्याला धरून राहिला. रेडिओ कंपनीचे भागधारक वेगळे आणि श्रोते वेगळे. श्रोत्याला कंपनीशी काही देणेघेणे नव्हते. सहकाराचे मी इथे गोडवे गात नाही. ऊसतोड करणाऱ्यांच्या घरात वाढलेल्याला कारखान्याची दुसरी बाजूही ठाऊक असते. परंतु भांडवल कुणाचे आणि माल कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

१ मार्च १९३० रोजी कंपनीचे विसर्जन सुरू झाले. यानंतर अकराच दिवसांनी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले. वर्तमानपत्रे मिठाने भरलेली असताना एका रेडिओ कंपनीच्या मरणाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नसेल. पण ज्यांच्या दुकानांत रेडिओचा माल पडून होता ते व्यापारी आणि ज्यांनी रेडिओ घेतले होते ते श्रोते सरकारकडे गेले. सरकारने १ एप्रिल १९३० पासून दोन्ही केंद्रे दोन वर्षांच्या प्रयोगादाखल चालवायला घेतली. नाव दिले इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस. खाते उद्योग आणि मजूर यांचे.

सरकारने घेतले म्हणजे प्रश्न सुटला असे वाटेल, तर तसे नव्हते. तोटा होता तिथेच होता. जागतिक मंदीमुळे सरकारही हात आखडून होते, आणि ९ ऑक्टोबर १९३१ रोजी त्याने केंद्रे बंद करण्याचे ठरवले. यावर ओरड झाली, विशेषतः बंगालमध्ये. २३ नोव्हेंबरला निर्णय फिरवावा लागला आणि मे १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचे ठरले. पैशाची तोंडमिळवणी कशी केली हे पाहण्यासारखे आहे. परदेशी रेडिओवरची जकात २५ टक्क्यांवरून ५० टक्के केली! कंपनीला जे करणे शक्यच नव्हते ते सरकारने लेखणीच्या एका फटकाऱ्याने केले. १९३२ च्या डिसेंबरात लंडनहून बीबीसीची साम्राज्य सेवा सुरू झाली, आणि इथल्या गोऱ्या साहेबांनी मायदेशाचा आवाज ऐकण्यासाठी रेडिओ घेतले. दोन वर्षांत परवाने जवळजवळ दुप्पट झाले. ते घेणाऱ्यांपैकी अनेकांना मुंबई केंद्राचे काहीच ऐकायचे नव्हते, तरी त्यांच्या पैशावर मुंबई केंद्र जगले. कंपनीने आणखी तीन वर्षे तग धरला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात येतो. पण तीन वर्षे तग धरायला पैसे लागतात, आणि तेच नव्हते.

पुढचा इतिहास ठाऊक असलेला आहे. १९३५ मध्ये बीबीसीतून लायोनेल फील्डन हे गृहस्थ प्रमुख म्हणून आले. त्यांना सरकारी लांबलचक नाव पसंत नव्हते, आणि ८ जून १९३६ पासून ते 'ऑल इंडिया रेडिओ' झाले. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले, तेव्हा कुठे नगरच्या खेड्यांना आपल्या बोलीजवळचा आवाज मिळाला.

परवान्याची पद्धत मात्र कंपनी गेली तरी राहिली. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या घरी आजोबांचे रेडिओ परवान्याचे पुस्तक अजून आहे. सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर एकाच पिशवीत ते ठेवलेले असते. आजोबांना अक्षरओळख नव्हती. पण दर वर्षी पोस्टात जाऊन ते पैसे भरीत आणि शिक्का मारून घेत. कारखान्यावर तोडीला जाताना ट्रान्झिस्टर बैलगाडीत असे. आजी म्हणते, "धान्याचं पोतं राहिलं तरी चालंल, पण रेडू राहायचा नाही." १९८० च्या दशकात परवाने रद्द झाले आणि शिक्के थांबले.

ऐकणाऱ्याकडून पैसे घ्यायचे सोडून जाहिरातदाराकडून घ्यायचे, ही वाट आपल्याकडे उशिरा सापडली. श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनने ती आधी चोखाळली. १९५२ पासून अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' ऐकायला सारा देश तिकडे कान लावून बसे. त्याच सुमारास आपले नभोवाणीमंत्री डॉ. बा. वि. केसकर यांनी, जे स्वतः मराठी, आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले होते. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावी लागली आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई-पुणे-नागपूर येथे तिच्यावर जाहिराती आल्या.

खाजगी कंपन्या परत आल्या त्या मात्र फार नंतर. हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर सरकारने एफएम वारंवारितांचा लिलाव केला आणि ३ जुलै २००१ रोजी बंगळूरला रेडिओ सिटी हे खाजगी केंद्र सुरू झाले. पहिल्या लिलावात कंपन्यांनी चढाओढीने बोली लावल्या. वर त्या शुल्कात दर वर्षी १५ टक्के वाढ होती. शंभराहून अधिक वारंवारिता लिलावात होत्या. चालू झाली वीस-बावीस केंद्रे. शेतकरी वाचकांना हे लगेच कळेल. जमीन खंडाने घेतली की पाऊस पडो न पडो, खंड द्यावाच लागतो. वाट्याने केली तर पिकेल त्याचा वाटा. २००५ मध्ये सरकार खंडावरून वाट्यावर आले. एकदा प्रवेशशुल्क भरायचे आणि मग साधारणपणे उत्पन्नाच्या ४ टक्के द्यायचे. यानंतरच लहान शहरांत केंद्रे काढणे परवडू लागले. रेडिओ सिटीने जी शहरे घेतली त्यांत अकोला, नांदेड, जळगाव, सोलापूर, सांगली होती, आणि आपले अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) होते.

१९२७ च्या कंपनीला नगरपर्यंत आवाज पोहोचवता आला नाही. या कंपनीने नगरातच मनोरा उभा केला. मला याचे महत्त्व वाटते. आपल्या गावच्या दुकानाचे नाव रेडिओवर ऐकू येणे ही साधी गोष्ट नाही. परंतु खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी लावण्याची मुभा मिळाली, तीही नंतर. त्यामुळे नगरचे केंद्र नगरमध्ये असले तरी नगरमध्ये काल काय घडले हे त्याला सांगता येत नव्हते. गाणी, गप्पा आणि जाहिराती, एवढाच त्याचा प्रांत.

रेडिओ सिटी चालवणारी म्युझिक ब्रॉडकास्ट ही कंपनी २०१५ मध्ये कानपूरच्या जागरण प्रकाशनने घेतली. हिंदी दैनिक जागरणचे हे मालक. त्यांची उत्तरेत रेडिओ मंत्रा नावाची आठ केंद्रे आधीपासून होती, तीही पुढे यात मिसळली. या वेळी कुणी बुडाले नव्हते. चालता धंदा चढ्या भावाने हातोहात गेला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये तिचे शेअर बाजारात आले. १९३० मध्ये केंद्रे वाचावीत म्हणून श्रोते सरकारच्या दारात गेले होते, कारण वर्षाचे १० रुपये त्यांच्या खिशातून गेलेले होते. २०१५ मध्ये नगरच्या श्रोत्याने काहीच दिलेले नव्हते. केंद्राचा मालक बदलला हे त्याला कुणी सांगितले नाही, आणि वारंवारिता तीच असल्याने रेडिओचे बटण फिरवण्याचीही गरज पडली नाही.