दम्याची गोळी आणि तिचे सोबती
दम्यावरील डेरिफायलिनच्या गोळीत थिओफायलिन असते. १८८८ साली कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने ते चहाच्या पानांतून वेगळे काढले. गुण देणारी मात्रा व अपाय करणारी मात्रा यांत अंतर फार थोडे. यकृत हे द्रव्य मोडून टाकते. परंतु सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू झाले की ते काम मंदावते. औषध रक्तात साचते. मळमळ, धडधड, क्वचित आकडीही येते. विडीचा धूर उलट यकृताला घाई करतो. म्हणून भुईगावच्या एखाद्या दमेकऱ्याने विडी सोडली (आम्हांस आनंदच!), तर तीच मात्रा त्याला जड होऊ लागेल, डॉक्टरांना हे आधी कळवावे. आणि रक्तदाबासाठी कोणी प्रोप्रॅनोलॉल लिहून दिले, तर दमा आहे हे आपण होऊन सांगावे. ती गोळी श्वासनलिकाच आवळते.