घरगुती संगीतश्रवणासाठी स्थिरविद्युत व समतल-चुंबकीय लाउडस्पीकर : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

राइस व केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडलेला चल-कुंडली लाउडस्पीकर आजही बहुतेक घरांतून वाजतो. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाशी तारेची कुंडली व भोवती चुंबक, ही त्याची रचना सर्वपरिचित आहे. या रचनेत बल शंकूच्या टोकावर लागते व तेथून ते उर्वरित कागदात पसरते. पसरताना कागद स्वतः कंप पावतो, शिवाय मागे असलेली लाकडी पेटी स्वतःचा नाद मिसळते. संपूर्ण पटलावर एकाच वेळी व सारखेच बल लावता आले तर हे दोन्ही दोष टळतील, या विचारातून पातळ पटलाचे दोन प्रकार विकसित झाले. एकात बल विद्युतभारामुळे निर्माण होते, तर दुसऱ्यात चुंबकीय क्षेत्रातील विद्युतप्रवाहामुळे. प्रस्तुत लेखात या दोहोंची तुलना भौतिकशास्त्राच्या आधारे, परंतु घरात बसून ऐकणाऱ्या रसिकाच्या दृष्टीने केली आहे.

स्थिरविद्युत लाउडस्पीकर

दोन सच्छिद्र धातुपत्र्यांमध्ये काही मायक्रॉन जाडीची प्लॅस्टिकची फिल्म ताणून बसवलेली असते. फिल्मला काही हजार व्होल्टचे स्थिर विभव दिले जाते आणि ध्वनिसंकेत ट्रान्सफॉर्मरने वाढवून दोन्ही पत्र्यांना परस्परविरुद्ध दिला जातो. एक पत्रा फिल्मला ओढतो, तर दुसरा ढकलतो. फिल्मवरील लेप मुद्दाम अतिउच्च रोधाचा ठेवतात, त्यामुळे कंपनाच्या अल्पावधीत तिच्यावरील भार हलू शकत नाही. भार स्थिर राहिला की बल केवळ संकेताच्या प्रमाणात राहते व विरूपण अत्यल्प होते. इंग्लंडमधील पीटर वॉकर यांनी या तत्त्वावर तयार केलेला क्वाड हा संपूर्ण ध्वनिपट्टा वाजवणारा स्पीकर १९५७ मध्ये विक्रीस आला. त्याच्या मंद्र भागाला सुमारे ६,००० व तार भागाला सुमारे १,५०० व्होल्ट विभव दिले जाई.

या फिल्मच्या हलकेपणाची कल्पना एका साध्या गणिताने येते. ६ मायक्रॉन जाडीच्या पॉलिएस्टर फिल्मचे वस्तुमान दर चौरस मीटरला सुमारे ८ ग्रॅम भरते. तेवढ्याच क्षेत्रावरील हवेच्या ७ मिलिमीटर थराचे वजनही इतकेच असते. म्हणजे येथे जवळजवळ हवाच हवेला हलवते! गायकाच्या श्वासाचा आरंभ किंवा सतारीच्या मिजराबाचा आघात अशा स्पीकरवर इतका स्वच्छ का ऐकू येतो, याचे उत्तर येथे सापडते.

मात्र मर्यादाही याच तत्त्वात दडलेली आहे. साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर या क्षेत्रतीव्रतेला हवेचे विद्युतरोधन कोसळते. या तीव्रतेला फिल्मवर पडू शकणारा कमाल दाब काढल्यास तो सुमारे ४० पास्कल येतो. हे बल फार थोडे आहे. म्हणून फलक मोठा करावा लागतो आणि तरीही फिल्मला मोठी हालचाल करू देता येत नाही, कारण पत्रे दूर नेले की बल आणखी घटते.

समतल-चुंबकीय लाउडस्पीकर

येथेही फिल्म तशीच ताणलेली असते, परंतु तिच्यावर अॅल्युमिनियमच्या तारा किंवा पट्ट्या चिकटवलेल्या असतात व जवळ चुंबकांच्या रांगा असतात. तारेतून प्रवाह गेला की फिल्म पुढेमागे हलते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात जिम विनी यांनी १९६९ मध्ये मॅग्नेपॅन ही संस्था स्थापन करून हा प्रकार घरोघरी पोहोचवला. येथे उच्च विभवाची गरज नाही व ट्रान्सफॉर्मरही नाही. ताऱांच्या वजनाने फिल्म काहीशी जड होते, म्हणून सूक्ष्म तपशिलात तो स्थिरविद्युत प्रकारापेक्षा थोडा मागे राहतो, असे माझे मत आहे. चुंबक केवळ एकाच बाजूस असतील तर मोठ्या हालचालीत बलही असमान होते.

अॅम्प्लिफायरच्या दृष्टीने मात्र हा स्पीकर अतिशय सरळ आहे. त्याचा संरोध बहुतांशी शुद्ध रोधासारखा, सुमारे ४ ओहम, राहतो. याउलट स्थिरविद्युत स्पीकर हे मूलतः धारित्र असल्याने वारंवारता वाढते तसा त्याचा संरोध घटतो, आणि २० किलोहर्ट्झजवळ अनेक नमुन्यांत तो २ ओहमच्याही खाली जातो. सामान्य अॅम्प्लिफायर येथे अस्थिर होऊ शकतो. समतल-चुंबकीय स्पीकर घेतानाही माहितीपत्रक जपून वाचावे लागते. २.८३ व्होल्टला ८६ डेसिबेल असे लिहिलेले असले, तरी ४ ओहमच्या स्पीकरला ते २ वॅट होतात. एका वॅटला हिशेब ८३ डेसिबेलवरच येतो. थोडक्यात, त्याला भरपूर प्रवाह देणारा अॅम्प्लिफायर हवा.

खोली, मंद्र स्वर आणि आपले संगीत

दोन्ही प्रकारांत पटल उघडे असते. समोर जेवढा ध्वनी जातो तेवढाच मागेही जातो, मात्र विरुद्ध कलेत. तरंगलांबी फलकाच्या रुंदीपेक्षा बरीच मोठी झाली की पुढचा व मागचा ध्वनी कडेवरून वळून परस्परांना खोडू लागतो. मंद्र स्वर दुबळे होण्याचे प्रमुख कारण हेच होय.

हिंदुस्थानी संगीताच्या श्रोत्याला याचा त्रास सर्वत्र सारखा होत नाही. काळी एक पट्टीतील पुरुषी तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ ५ मीटर तरंगलांबीचा असतो. अर्ध्या मीटर रुंदीचा फलक तो मूळ स्वर पुरेसा देऊ शकत नाही. तरीही तानपुरा पोकळ वाटत नाही, कारण जवारीमुळे त्याची बरीचशी ऊर्जा वरच्या स्वरांशांत असते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच तंतुवाद्यांच्या या वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले होते. बायाची गोष्ट निराळी. त्याचा घुमारा मूळ स्वरावरच उभा असतो, आणि तबल्याच्या एकलवादनात ही उणीव लगेच उघडी पडते.

मागील ध्वनीला परतण्यास अवधी मिळावा म्हणून फलक भिंतीपासून निदान एक मीटर पुढे ठेवावा. तेव्हा परावर्तित ध्वनी सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो व कान त्याला मूळ आघातापासून वेगळा काढतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा मीटर महाग पडतो, हे मान्य करावे लागेल. तार स्वरांत रुंद फलकाचा झोत अरुंद होतो. यावर क्वाडच्या १९८१ च्या ईएसएल-६३ मध्ये वर्तुळाकार विद्युतअग्रांना क्रमाने विलंब देऊन, तर मार्टिनलोगनने फलकालाच वक्राकार देऊन उपाय शोधला.

हवामान : एक अनुभव

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. किनारपट्टीवर राहणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्यांच्या गुरूंच्या तालमीच्या जुन्या ध्वनिफिती ऐकून बंदिशी लिहून काढायच्या होत्या. माझ्याच सल्ल्यावरून त्यांनी वापरलेली स्थिरविद्युत जोडी घेतली. उन्हाळा उत्तम गेला. जुलैत मात्र उजव्या फलकातून चरचर येऊ लागली आणि काही दिवसांत त्याचा आवाज डाव्याच्या निम्म्यावर आला. दमट हवेत फिल्मच्या कडा व आधारपट्ट्या किंचित वाहक होतात आणि भार गळून जातो. शिवाय भारित फिल्म धूळ ओढून घेते व ओलसर धूळ गळतीला वाट करून देते. हे सारे मी वर्गात धारित्रे शिकवताना सांगत आलो होतो, पण सल्ला देताना आठवले नाही. विक्रेत्याने हात झटकले. 'सर, शब्दच ऐकू येईनात,' असे ते म्हणाले, तेव्हा मला उत्तर नव्हते.

समतल-चुंबकीय प्रकारात उच्च विभव नसल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने गोंद सुटतो, तार फिल्मपासून वेगळी होऊन भणभणते, आणि खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम गंजते. परंतु सुटलेली तार कापड काढून योग्य गोंदाने पुन्हा चिकटवता येते. फिल्मवर पुन्हा लेप देऊन ती सारख्या ताणाने बसवणे हे मात्र घरी होणारे काम नव्हे. कोरड्या हवेच्या गावी, वातानुकूलित खोलीत आणि प्रामुख्याने कंठसंगीत ऐकणाऱ्यास मी आजही स्थिरविद्युत स्पीकरच सुचवीन. कोकणात नाही.

त्या सहकाऱ्यांकडे आता समतल-चुंबकीय जोडी आहे. भिंतीपासून एक मीटरची खूण त्यांनी फरशीवर खडूने केली आहे. ऐकून झाले की फलक मागे सरकतात, कारण संध्याकाळी त्याच जागेत विद्यार्थी बसतात. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या सव्वीस बंदिशी लिहून झाल्या.