समाजमाध्यमांचे परीक्षण : अभ्यासवस्तूचा प्रश्न

नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू झाला. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक रोलंड वुल्सली यांचा त्याच्या उभारणीत महत्त्वाचा वाटा होता. वृत्तपत्राच्या अभ्यासकाला तेव्हा एक सोय उपलब्ध होती. ती इतकी स्वाभाविक होती की तिचा निराळा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. ‘हितवाद’चा एखादा अंक वर्गात आणला, तर तो शिक्षकापुढे आणि विद्यार्थ्यांपुढे सारखाच असतो. अग्रलेखाला किती जागा मिळाली, जाहिरातींनी किती रकाने व्यापले, हे पट्टी लावून मोजता येते आणि मतभेद झाल्यास तोच अंक पुन्हा उघडता येतो.

समाजमाध्यमांच्या अभ्यासात ही सोय नाहीशी होते. एकाच बाकावरील दोन विद्यार्थ्यांनी एकाच क्षणी इन्स्टाग्राम उघडले, तरी त्यांना दिसणारा मजकूर भिन्न असतो. पूर्वी काय पाहिले, कोठे अधिक वेळ थांबले, कोणाशी संबंध जोडले, यांवरून अल्गोरिदम मजकुराची निवड व क्रम ठरवितो. म्हणून ‘इन्स्टाग्रामवर अमुक प्रकारचा मजकूर अधिक असतो’ असे विधान एखाद्या विद्यार्थ्याने स्वतःच्या अनुभवावरून केले, तर ते इन्स्टाग्रामपेक्षा त्या विद्यार्थ्याविषयीच अधिक सांगते.

यावर उपाय असा की, हा भेदच अभ्याससामग्री मानावा. वीस विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वेळी यूट्यूबवर ‘संत्री’ हा एकच शब्द शोधावा आणि पहिल्या दहा फलितांची नोंद करावी. सर्वांना समान काय दिसले आणि एखाद्यालाच काय दिसले, हे ताडून पाहिले असता माध्यमाच्या निवडीविषयी काही बोलता येते. तोच शब्द एकदा देवनागरीत व एकदा रोमन लिपीत लिहून पाहणे मराठीच्या अभ्यासकास विशेष उपयोगी पडेल. नवे खाते उघडून हा प्रयोग केल्यास पूर्वेतिहासाचा परिणाम कमी होतो. तथापि स्थळ, भाषा आणि उपकरण यांची माहिती माध्यमाला तरीही असते, हे विसरता कामा नये.

आकड्यांच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून ‘शॉर्ट्स’ या लघुचित्रफितींची दर्शनसंख्या मोजण्याची रीत बदलली. चित्रफीत सुरू झाली किंवा पुन्हा फिरली की एक दर्शन धरले जाऊ लागले; किती सेकंद पाहिली, याची अट उरली नाही. त्या दिनांकापूर्वीचे व नंतरचे आकडे एकाच कोष्टकात मांडून लोकप्रियता वाढल्याचा निष्कर्ष काढणे म्हणजे शेर आणि किलो यांची बेरीज करण्यासारखेच आहे!

मजकुराइतकीच माध्यमाची रचनाही परीक्षणाचा विषय आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या संशयावरून भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. संदेशातील शब्दांना येथे हात लावलेला नाही. बदलला तो केवळ प्रसाराचा मार्ग. केवळ मजकुराचे वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीस हा फरक दिसणारच नाही.

बाहेरून पाहण्याची साधनेही आता कमी झाली आहेत. ट्विटरने २०२३ मध्ये संशोधकांना उपयुक्त असलेला विनामूल्य सामग्रीप्रवेश बंद केला, तर फेसबुकवरील सार्वजनिक मजकुराचा प्रसार तपासण्याचे ‘क्राउडटँगल’ हे साधन मेटा कंपनीने १४ ऑगस्ट २०२४ रोजी बंद केले. परिणामी वर्गातील हाताने केलेल्या नोंदींना नवे मोल आले आहे. मात्र खाजगी व्हॉट्सॲप गटातील संदेश सदस्यांच्या संमतीवाचून अभ्यासासाठी घेऊ नयेत; विद्यार्थी स्वतः त्या गटात असला, तरी तेवढ्याने इतरांची संमती गृहीत धरता येत नाही.

वृत्तपत्राचा जुना अंक ग्रंथालयात सापडू शकतो, समाजमाध्यमावरील मजकूर मात्र सायंकाळपर्यंत काढूनही टाकलेला असतो. तेव्हा प्रत्येक नोंदीसोबत पडद्याचे चित्र, दिनांक, वेळ, उपकरण, भाषा आणि खात्याचे वय ही माहिती जोडावी. तिच्याअभावी परीक्षकाला प्रबंधिकेतील विधान पडताळून पाहता येत नाही.