अँथुरियमनं मान टाकली, म्हणजे पाणी कमी पडलं?

तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमुळे मावळाला पॉलिहाऊस नवी नाहीत. तिथल्या झाडांना ठिबकनं मोजून पाणी मिळतं. बेगडेवाडीतल्या घरात ठेवलेल्या अँथुरियमला मात्र तांब्यानं, अंदाजानं. बहुतेक झाडं इथेच दगावतात.

पानं लोंबली की झाड तहानलं, हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. पाणी जास्त झालं तरी पानं अशीच लोंबतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. कुंडीतल्या पोकळ्या पाण्यानं भरून राहिल्या की मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. ओल्या कुंडीत झाड सुकतं आणि आपण वरून आणखी तांब्याभर ओततो.

म्हणून पानांवरून निदान करू नका. आधी कुंडी उचलून वजन बघा, दोन पेरं बोट आत घाला. ओल असूनही पानं मलूल असतील, तर झाड अलगद बाहेर काढा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं मूळ तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की साल निघून येते, आतला दोरा तेवढा उरतो. कुबट वासही येतो.

‘रोज एक पेला’ हा नियमही सोडून द्या. आषाढात इथली हवाच इतकी दमट की कुंडी आठवडाभरही ओली राहू शकते. वैशाखात उलट होतं. पार वाळलेलं मिश्रण पाणी पटकन शोषत नाही. पाणी कडेनं बशीत उतरतं आणि मधला गड्डा कोरडाच राहतो. अशी कुंडी अर्धा तास बादलीभर पाण्यात ठेवावी, मग पूर्ण निथळू द्यावी.

तळाला खडी घातली की निचरा होतो, हेही खरं नाही. बारीक मातीतलं पाणी खडीच्या थरापाशी अडतं आणि ओल उलट मुळांच्या जवळ येते. कोलंबिया-इक्वेडोरच्या जंगलात अँथुरियम बऱ्याचदा झाडांच्या खोडांवर, उघड्या मुळांनी वाढतं. त्याला नारळाची सोडणं, कोळसा, विटांचे तुकडे असं भुसभुशीत मिश्रणच मानवतं.

सकाळी पानाच्या टोकाला दिसणारा थेंब रोगाचा नसतो, मुळांनी रात्री ओढलेलं जादा पाणी झाड बाहेर टाकतं. टोकं करपली असतील तर बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा संशय घ्या.

सडलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापून झाड नव्या मिश्रणात लावलं, तरी नवं पान येईपर्यंत खत देऊ नका.