धानाच्या बांधीतील पाण्याची यांत्रिक नोंद

गोंदिया जिल्ह्याचे मुख्य पीक धान होय. तलाव, बोड्या व इटियाडोहसारखी धरणे यांतील पाणी मर्यादित असल्याने, उन्हाळी धानाच्या बांधीत पाणी सतत साठवावे की आळीपाळीने आटू द्यावे, याचा निर्णय प्रयोगानेच करणे इष्ट आहे.

फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने यासाठी सोपी रीत सुचविली आहे. सुमारे 30 सें. मी. लांबीची, खालच्या भागास छिद्रे पाडलेली नळी बांधीत अर्धी पुरावी व तिच्यातील माती काढून टाकावी. रोवणी रुजल्यानंतर, नळीतील पाणी जमिनीखाली 15 सें. मी. गेले म्हणजे पुन्हा 5 सें. मी. पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या आधी व नंतर एक आठवडा मात्र बांधी कोरडी पडू देऊ नये.

दोन्ही पद्धतींची तुलना करण्यासाठी प्रत्येकीस निदान तीन बांध्या द्याव्यात व त्यांची निवड चिठ्ठ्या टाकून करावी. वाण, खत व रोवणीची तारीख एकच असावी. बांध पक्के नसल्यास एका बांधीतील पाणी दुसरीत झिरपून प्रयोग व्यर्थ जाईल.

दिवसरात्र पातळी मोजण्याचे काम आता संवेदक करू शकतो. नळीच्या वर बसविलेला संवेदक सूक्ष्म ध्वनी सोडतो. तो पाण्यावर आपटून परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. दर अर्ध्या तासाची अशी नोंद साठवून संगणकात घेतली म्हणजे पाणी केव्हा व किती वेगाने उतरले, याचा आलेख मिळतो.

परंतु येथे एक दक्षता अत्यावश्यक आहे. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो. हवेचे तापमान 20 अंशांवरून 40 अंशांवर गेल्यास हा फरक सुमारे साडेतीन टक्के होतो. 20 अंशांना जुळविलेला संवेदक पाण्यापासून 40 सें. मी. उंचीवर असेल, तर 40 अंशांच्या उन्हात तो पाणी सुमारे 1.4 सें. मी. वर असल्याचे दाखवील. त्यावर विसंबणारा शेतकरी पाणी उशिरा देईल आणि ऐन निसवणीत पिकास ताण बसेल. म्हणून तापमानाचा संवेदक जोडून दुरुस्ती करावी. शिवाय रोज सकाळी व भर दुपारी साध्या पट्टीने पातळी मोजून वहीत लिहावी.

संगणक हिशेब अचूक करतो. पण चुकीचे माप त्याला दिले, तर उत्तरही चुकीचेच येणार. यास्तव कापणीनंतर प्रत्येक बांधीचे उत्पन्न वेगळे तोलावे आणि पट्टीच्या नोंदींशी यंत्राच्या नोंदी पडताळूनच निष्कर्ष काढावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही वही शेतकऱ्यांसमक्ष भरावी. म्हणजे निष्कर्षावर त्यांचाही विश्वास बसेल.